क्लासच्या सुट्टीत पोरं काय खातात आणि ते कुठून येतं?

गणिताच्याबाई | मंगळवार, रात्री १०:४०

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे, मी घरीच नववी-दहावीचा गणिताचा क्लास घेते. संध्याकाळी सहा ते साडेआठ. सव्वासातला पंधरा मिनिटं सुट्टी. समोर वडापावचा गाडा, त्याला लागून इडली-डोशाची मावशी, कोपऱ्यावर किराणा दुकान. पोरं बावीस. पावसाळ्यात माझा पाय मुरगळला आणि सुट्टीत आत जाऊन चहा टाकणं बंद झालं. खिडकीतच बसून राहायला लागले. तेव्हापासून बघते आहे.

घरी ताटात काय पडतं ते पोरांच्या हातात नसतं. इथं पंधरा मिनिटं हातात वीस रुपये असतात आणि बघायला कुणी नसतं. मी बघते हे त्यांना अजून कळलेलं नाही.

एक मुलगी आहे, आई विड्या वळते. सातवीपासून दोन्ही वेळचा स्वयंपाक हिच्याकडे. हिच्याकडे रोज पैसे नसतात, पण असले की ती वडापावकडे बघत नाही, कुरकुऱ्यांकडेही नाही. इडलीच्या गाडीवर जाते, दोनच इडल्या घेते आणि गाडीला पाठ लावून, कुणाशी न बोलता, वाफ जायच्या आत खाते. मला वाटायचं इडली स्वस्त पडते म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाली, "बाई, गरम असतं. आणि मला करायला लागत नाही."

दुसरा एक मुलगा. घर सुशिक्षित, आई-वडील दोघं नोकरीला. वडिलांना चाळिशीच्या आत शुगर निघाली आणि त्या दिवसापासून घरात तळण बंद, साखर बंद, पांढरा भात बंद. सगळ्यांनाच. पोरगं चांगलं धडधाकट, पंधरा वर्षांचं, फुटबॉल खेळणारं. हा दोन वडापाव घेतो आणि भिंतीच्या आडोशाला जाऊन चार-चार घासांत संपवतो. मग बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरतो. चूळ भरणारं पोर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. वास जायला पाहिजे ना घरी जायच्या आत.

तिसरा जैन कुटुंबातला. घरी चौविहार, म्हणजे सूर्य मावळल्यावर काही खायचं-प्यायचं नाही. साडेपाचला जेवून येतो, सव्वासातला सगळे खातात तेव्हा हा वही घेऊन पायरीवर बसतो. दोस्त चिडवतात, हा हसतो. कुणीही बघत नसताना मोडत नाही.

आणि चौथा, ज्याच्या वडिलांचाच दुसऱ्या चौकात भज्यांचा गाडा आहे. तो बाहेरचं काही खात नाही. "मला तेल कितव्यांदा तापलंय ते वासावरून कळतं," म्हणतो.

पाणी येण्याच्या दिवशी सगळं चित्रच बदलतं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो हे बाहेरच्यांना सांगायला हवं. त्या दिवशी आया पिंपं, टाक्या, कळशा भरण्यात असतात, चूल थंड. पोरांच्या हातात वीसऐवजी चाळीस रुपये. वडापाववाल्याला आमच्या भागाचं पाण्याचं वेळापत्रक तोंडपाठ आहे, त्या दिवशी तो पाव जास्त आणतो.

माझा अंदाज असा झालाय: जो नियम घरातल्या सगळ्यांना मनापासून लागू आहे तो गाड्यावर टिकतो. जो पोरावर लादलाय तो भिंतीच्या आडोशाला मोडतो. तुमच्या घरी काय? तुम्ही स्वतः त्या वयात पहिल्या पैशांनी काय खाल्लंत?

काळंतिखट | मंगळवार, रात्री १०:५२

पहिल्या पैशांनी पेप्सी. ती प्लॅस्टिकच्या नळीतली, आठ आण्याची, दातानं टोक फाडायची. घरचे संस्कार कुठं दिसले नाहीत त्यात.

बापमाणूस४४ | मंगळवार, रात्री ११:१५

बाई, लेख छान पण पटला नाही. माझ्या घरी दोन पोरं. एकच आई, एकच तवा, एकच डबा. थोरला सतरा वर्षांचा, कडक भाकरी दह्यात कुस्करून वर शेंगा चटणी घालून खातो, बाहेर गेला तरी शेंगादाणे-फुटाणेच घेईल. धाकटा चौदाचा, भाकरी बघून तोंड फिरवतो, त्याला नूडल्स आणि चीज पाहिजे. घरावरून ठरत असतं तर दोघं सारखे नकोत? हे सगळं मोबाइलनं केलंय. दर दोन मिनिटांनी कुणीतरी कॅमेऱ्यासमोर चीज ओढून दाखवतंय.

विडीघरकुल_ते_पुणे | बुधवार, सकाळी ७:०५

इडलीवाली मुलगी वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

आम्ही २००६ साली कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलात राहायला गेलो. दहा हजार घरांची ती वसाहत, सगळी विडी कामगार बायकांची. मी तेव्हा तिसरीत. आई सकाळी आठला सूप मांडीवर घ्यायची ते दिवे लागेपर्यंत. पानं, तंबाखू, दोरा. हजार विड्या झाल्या की दिवस झाला. कारखान्यात माल जमा करताना काही विड्या छाट म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. त्या छाटीवर आमचं रात्रीचं कोरड्यास ठरायचं. छाट जास्त निघाली की भाकरी आणि चटणी. कमी निघाली की वांगं.

बाई म्हणतात घरचा नियम. आमच्या घरी जेवणाचा नियम करायला जेवायला कुणी एकत्र बसलेलंच नसायचं. आई तीनला खायची, ते पण सूप बाजूला न ठेवता, डाव्या हातानं विडी धरून. बाबा रात्री अकराला. आम्ही भावंडं भूक लागेल तेव्हा टोपलीतली भाकरी ओढायचो. कुणी "भाजी खा" म्हणालं नाही कारण भाजी असली तर ती संपलेलीच असायची.

आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळायची. नववीत गेल्यावर बंद. योजनाच आठवीपर्यंतची आहे ना. तुम्ही कधी विचार केलाय का, पोर वाढीच्या भरात असतं, दुपारी पोटात वाघ बोलतो आणि नेमकं तेव्हाच शाळा सांगते की आता तुझं तू बघ? नववीच्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत आठवीची पोरं ताटं घेऊन रांगेत बसली होती आणि आम्ही मैदानात नुसत्याच उभ्या. माझ्या मैत्रिणीनं ताट आणलं होतं सवयीनं. ते तिनं दप्तरात परत सरकवलं, मला अजून तो पत्र्याचा आवाज आठवतो.

त्या वर्षापासून मी चहा-खारी खायला लागले. आई दुपारी चहा टाकायची, सगळ्या वाड्यातल्या बायकांचा एकत्र. त्यात बुडवून खारी. पोट भरल्यासारखं वाटतं, तासभर. दहावीपर्यंत दुपारचं जेवण म्हणजे तेच. बारावीत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ.

आज मी पुण्यात हिशेबाचं काम करते, पगार बरा आहे. ऑफिसच्या कॅन्टीनला सगळं मिळतं, सॅलडसुद्धा. दुपारी चार वाजले की माझे पाय खारीच्या दुकानाकडे वळतात. कितीतरी वर्षं झाली हे चालू आहे.

गणिताच्याबाई | बुधवार, सकाळी ७:४०

यावर काय लिहू. नववीच्या खिचडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि मी रोज नववीलाच शिकवते.

डॉक्टरीण_होटगीरोड | बुधवार, दुपारी २:२०

आकडे देते, कारण वरच्या बाईंनी जे सांगितलं ते एकट्या त्यांचं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ ची ती, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के ॲनिमियाच्या, म्हणजे रक्त कमी असलेल्या निघाल्या. त्याच वयाच्या मुलांमध्ये ३१.१ टक्के. म्हणजे मुलींच्या जवळपास निम्मे. पाळी हे एक कारण, पण ताटावर शेवटी बसणं हे दुसरं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. जिला जास्त लागतं तिला कमी मिळतं.

चहा-खारीचं गणित वाईट आहे. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. चहातली टॅनिन्स नावाची तुरट द्रव्यं जेवणातलं लोह शरीरात नीट जाऊ देत नाहीत. भाकरी खाऊन लगेच चहा घेतला तरी तेच. शेंगा चटणीवर लिंबू पिळलं तर उलट फायदा, लोह जास्त जातं. लोहाची निळी गोळी शाळेत आठवड्याला मिळते, ६० मिलिग्रॅमची, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली ती फेकून देतात, पोटात ढवळतं म्हणून. उपाशीपोटी घेतल्यावर ढवळणारच. सकाळी पोटात काही नसतं म्हणून गोळी पोटात टिकत नाही, आणि गोळी घ्यायची ती सकाळी काही न मिळाल्यानं झालेल्या ॲनिमियासाठी.

शाळेच्या खिचडीचा हिशेब पण सांगते: सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, मिळून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. १३-१५ च्या मुलीची दिवसाची प्रथिनांची शिफारस ४३ ग्रॅम. जवळजवळ निम्मा दिवस त्या एका ताटात होता, तो नववीत गेला.

काळंतिखट | बुधवार, दुपारी २:३१

डॉक्टर, ते वडापावचं मोजून सांगू नका. आजच खाल्लाय.

अकरावी_सायन्स_मुलगी | बुधवार, रात्री ९:१०

सगळे मोठे बोलायलेत म्हणून मी पण बोलते. मी सोळाची आहे. आणि बाई, तुम्ही खिडकीतून बघता हे जरा विचित्र आहे, सॉरी.

तुम्ही कुणीच लिहिलं नाही की गाड्यावर मुली किती असतात. मोजा. मुलं गाड्याला कोपर टेकवून उभी असतात, गप्पा मारत. मुली दुकानातून पुडा घेतात, दप्तरात टाकतात आणि चालत चालत आत हात घालून खातात. म्हणजे आम्हाला चिप्स जास्त आवडतात असं नाही. पुडा लपवता येतो. गरम वडापाव लपवता येत नाही. माझ्या घरी "मुलीनं रस्त्यावर तोंड हलवत उभं राहू नये" असं आज्जी म्हणते, आणि काका स्कूटरवरून त्याच रस्त्यानं जातात. मग पाच रुपयांचा पुडा. त्यात हवा.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत मात्र चालतं. जानेवारीत घरचे सगळे बरोबर असतात तेव्हा मी भजी, भेळ, सगळं उभं राहून खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही. तेच तोंड, तोच रस्ता. नियम खाण्याचा नाहीच आहे.

दुसरं, डब्याबद्दल. माझं कॉलेज सात वाजता. डबा पाहिजे म्हटलं की आईनं साडेपाचला उठायचं. ती रात्री बाराला झोपते. म्हणून मी सांगते "मला डबा नको, तिथं कुणी आणत नाही." आई म्हणते बघा, घरचं आवडत नाही हिला.

बापमाणूस४४ | बुधवार, रात्री ९:४५

बाळ, हे शेवटचं वाक्य वाचून मी माझ्या थोरल्याकडे बघितलं. तो डबा नेत नाही कारण "जड होतो" म्हणतो.

इडलीगाडी | गुरुवार, सकाळी ११:००

मी विजापूर रोडला गाडी लावतो, अकरा वर्षं झाली. धागा बायकोनं वाचून दाखवला. टाइप मुलगी करते आहे.

पोरगं नवीन आलं की ते काय मागतं यावरून घर कळतं. तेलुगू घरातलं पोर पहिली प्लेट संपायच्या आत चटणी परत मागतं, तिखट मागतं, आंबट मागतं. कानडी लिंगायत घरातलं विचारतं, शेंगा चटणी आहे का, आणि नाही म्हटलं की तोंड पडतं. म्हणून मी आता कोरडी शेंगा चटणी डब्यात ठेवतो, तेल घालून देतो. बंगल्यातलं पोर म्हणतं चटणी नको, सांबार वेगळं द्या, आणि मग दुसऱ्या दिवशी आपोआप मागतं. पहिल्या दिवशी घरी जे खाल्लं तेच मागतात. दुसऱ्या दिवसापासून दोस्त जे मागतो ते.

उधारीची पोरं वेगळी. आई-बाप दोघं कामाला, पोरगं संध्याकाळी एकटं. आई महिन्याला येऊन हिशेब करते. अशा चार आया आहेत माझ्याकडे. त्या पोरांसाठी मी हॉटेलवाला नाही, स्वयंपाकीण आहे. एका आईनं सांगितलंय, डोसा आठवड्यातून दोनदाच द्या, बाकी इडली. मी ऐकतो. पोरगं चिडतं माझ्यावर, आईवर नाही.

डॉक्टरीण_होटगीरोड | गुरुवार, दुपारी १:४०

इडलीगाडीवाल्या दादांनी जे लिहिलं त्याला जगभरच्या अभ्यासांचा दुजोरा आहे, फक्त त्यांच्याइतकं नेमकं कुणी लिहीत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९९८-९९ मध्ये साडेचार हजारांहून जास्त शाळकरी मुलांना विचारून बघितलं. जी मुलं घरच्यांसोबत जास्त वेळा जेवत होती त्यांच्या खाण्यात फळं-भाज्या जास्त, कोल्ड्रिंक कमी. एकत्र जेवणाऱ्या घरांत पैसा आणि वेळ पण जास्त असतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं. घरकुलातल्या बाईंनी वर तेच सांगितलंय.

आणि चूळ भरणाऱ्या पोराबद्दल. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात १९९९ साली लहान मुलांवर एक साधा प्रयोग झाला. एक खाऊ समोर पारदर्शक भांड्यात ठेवला पण खायला दिला नाही, थोड्याच वेळासाठी मोकळा केला. तसाच दुसरा खाऊ कायम मोकळा. बंदी असलेल्या खाऊबद्दल मुलं जास्त बोलायला लागली, जास्त मागायला लागली, आणि मिळाल्यावर जास्त घ्यायला लागली. ती बालवाडीच्या वयाची पोरं होती. पंधराव्या वर्षी तर हातात पैसे पण असतात.

चव त्याच्याही आधी लागते. फिलाडेल्फियातल्या एका संस्थेत गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आयांना गाजराचा रस दिला होता, त्यांच्या बाळांनी पुढं गाजराच्या चवीची पेज जास्त खुशीनं खाल्ली. आपल्या पोरांना काळं तिखट आवडायचं कारण आईच्या पोटापर्यंत मागे जाऊ शकतं.

काळंतिखट | गुरुवार, दुपारी १:४४

आयडी बदलणार नाही आता.

कांडीवाला | गुरुवार, रात्री १०:३०

मी पद्मशाली, घरात तेलुगू. ९५-९६ चा काळ. दहावीत नापास झालो आणि मामाच्या टॉवेलच्या कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरायला बसलो. वय पंधरा. शनिवारी हप्ता, म्हणजे आठवड्याचा पगार मिळायचा. सगळा अम्माच्या हातात द्यायचा, त्यातून ती मला दहा रुपये परत द्यायची.

इथं सगळे पोरांच्या हातातल्या पैशाबद्दल बोलतायत, तो आईनं दिलेला खाऊचा पैसा आहे. कमावलेल्या पैशाचं खाणं वेगळं असतं. हप्ता आणायला लागलो त्या आठवड्यापासून अम्मानं माझं ताट बाबांच्या शेजारी मांडलं. त्याआधी मी बहिणींबरोबर खायचो. रविवारी मटणाचा मोठा तुकडा माझ्याकडे यायला लागला. बहीण माझ्यापेक्षा एक वर्षानं मोठी, दिवसभर घरात तिच्या हातून शेवया, कपडे, भाचरं सगळं व्हायचं, तिच्या ताटात रस्सा. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आत्ता डॉक्टरांचे ५९ आणि ३१ वाचले तेव्हा तिचा चेहरा आठवला.

आणि बाहेर? कारखान्यात सगळे माझ्या दुप्पट वयाचे. ते जे खायचे तेच मी. रात्रपाळीला दोन वाजता चहा, पाव, आणि पुढं पुढं तंबाखू-सुपारीचा मावा. घरी पप्पू-भात, म्हणजे वरण-भात खाल्लेलं पोर सहा महिन्यांत मावा चघळायला लागलं. अम्माला वास यायचा, ती काही बोलायची नाही. हप्ता आणणाऱ्या पोराला कोण बोलणार?

बापमाणूस४४ | शुक्रवार, सकाळी ६:५०

रात्री बायकोबरोबर बसून दोन्ही पोरांचा हिशेब लावला. थोरला झाला तेव्हा आम्ही गावी होतो, मोहोळ तालुक्यात. पहिली चार वर्षं तो माझ्या वडिलांच्या मांडीवर जेवला. ते शेतात कांदा बुक्कीनं फोडून भाकरी खायचे, त्यातला तुकडा याला. जानेवारीत हुरडा. मालदांडी ज्वारीची भाकरी त्याला दात यायच्या आधीपासून माहीत.

धाकटा झाला तेव्हा आम्ही सोलापुरात, सैफुलला फ्लॅटमध्ये. वडील गेलेले. दोघं नोकरीला. त्याला टीव्ही लावून भरवलं, पटकन गिळावं म्हणून. भात आणि बिस्कीट. त्याच्यासमोर बसून भाकरी खाणारं कुणी नव्हतंच, मी सुद्धा ऑफिसला पोळीचा डबा नेतो. एकच आई, एकच तवा म्हणालो होतो. तवा एकच होता.

तरी मोबाइलचं मी सोडणार नाही. चीजचा व्हिडिओ दोघांनाही दिसतो, मान्य. पण धाकट्याला तो जास्त लागला.

विडीघरकुल_ते_पुणे | शुक्रवार, सकाळी ८:१५

कांडीवाले दादा, तुमच्या अक्काला फोन करा. तिला सांगा की आठवलं.

कांडीवाला | शुक्रवार, सकाळी ८:२०

केला. म्हणाली, "तुला आत्ता दिसलं होय?" आणि मग भावजीचं बीपी, पाऊस, असं काहीतरी बोलत बसली.

अकरावी_सायन्स_मुलगी | शुक्रवार, संध्याकाळी ५:३०

मी आज कॉलेजच्या बाहेर गाड्यावर उभं राहून खाल्लं. तीन मैत्रिणी होतो. चटणी फार तिखट होती. काका गेले स्कूटरवरून, त्यांनी बघितलं की नाही माहीत नाही. घरी गेल्यावर कळेल.

गणिताच्याबाई | शनिवार, रात्री ९:३०

माझ्याकडून थोडं.

एक, या मुलीनं विचित्र म्हटल्यावर मी सुट्टीत खिडकी सोडली, बाहेर पायरीवर येऊन बसते. पोरांना कळू दे बघतेय ते. पहिल्या दिवशी दोघं-तिघं कमी खाऊन आले, दुसऱ्या दिवशी विसरले.

दोन, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा डबा ठेवून बघितला, डॉक्टर, तुमचं वाचून. पहिल्या दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी अर्धा. तिसऱ्या दिवशी कुणी हात लावला नाही, फक्त इडलीवाल्या मुलीनं जाताना विचारलं, "बाई, भावाला नेऊ का?" नेऊ दिला. आता डबा तिच्याच नावाचा झालाय आणि मला ते डोळ्यांत न येता कसं चालू ठेवायचं ते कळत नाही. कुणाला सुचलं तर सांगा.

तीन, चूळ भरणारा. काल पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसला, हातात वडापाव, आडोसा नाही. मी म्हटलं, घरी कळलं तर? शांतपणे खात म्हणाला, "पप्पा सात रस्ता चौकात खातात, ऑफिस सुटल्यावर. मी बघितलंय. मी इथं खातो. मम्मीला दोन्ही माहीत नाही."

माझा पहिल्या दिवशीचा अंदाज, सगळ्यांना लागू असलेला नियम टिकतो वगैरे, त्याचं आता काय करायचं ते तुम्हीच बघा. हा नियम तर त्यांच्या घरात सगळ्यांना लागू होता.

काळंतिखट | शनिवार, रात्री ९:३४

मम्मी कुठं खाते ते विचारा.